'चालू शकत नाही' म्हणजे नेमकं काय? विंडोज ११ च्या हार्डवेअर-अटींची पार्श्वभूमी

२४ जून २०२१ ला विंडोज ११ ची घोषणा झाली आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीने सोबत एक तपासणीचं ॲप दिलं. दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या धडधाकट मशीनवरही ते ॲप अनेकांना एवढंच सांगायचं: हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही. का, ते सांगायचं नाही. चार दिवसांत ॲप मागे घेतलं गेलं. पण इन्स्टॉलेशन अडलेला माणूस आजही ज्या घोळात सापडतो, त्याची सुरुवात त्या वाक्यात आहे.

पूर्वीचा प्रश्न सरळ होता: या हार्डवेअरचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजशी जोडून देणारं सॉफ्टवेअर, मिळतो की नाही. विंडोज ९५ च्या आधी साउंड कार्डाचे जंपर (कार्डावरच्या छोट्या पिना) हलवून आयआरक्यू, म्हणजे कार्डाने प्रोसेसरचं लक्ष वेधायची ओळ, जुळवत बसावं लागे. कार्ड लावताच विंडोजनेच ते ओळखून जुळवायची 'प्लग अँड प्ले' सोय आल्यावर ते हळूहळू सुटलं. २००७ च्या विंडोज व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच बदलली. 'व्हिस्टा कॅपेबल' असं स्टिकर लावून विकलेल्या काही मशीनवर सर्वांत साधी आवृत्तीच चालत होती आणि त्यावरून अमेरिकेत खटला उभा राहिला.

२०२१ मध्ये अडचण ड्रायव्हरची नव्हतीच. 'कम्पॅटिबल' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येऊन बसल्या: विंडोज त्या मशीनवर चालतं का, इन्स्टॉलर ते बसवू देतो का, आणि कंपनी पुढची जबाबदारी घेते का. ॲपने तिन्हींना एकच उत्तर दिलं.

सगळ्यात जास्त गुंता टीपीएमचा, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणाऱ्या चिपचा. सुरुवातीच्या कागदपत्रांत टीपीएम १.२ ही कडक अट (नसेल तर अपग्रेडच नाही) आणि २.० ही सौम्य अट (नसेल तर फक्त इशारा) लिहिलेली होती. मग मजकूर बदलला आणि २.० सक्तीचं झालं. नव्या ब्रँडेड मशीनवर टीपीएम २.० सुरू करून देणं निर्मात्यांना जुलै २०१६ पासूनच बंधनकारक होतं. असेंबल केलेल्या पीसीचं तसं नव्हतं. तिथे प्रोसेसरच्या पिढीनुसार टीपीएम वेगळी चिप नसून फर्मवेअरमध्ये (हार्डवेअरमधल्याच सॉफ्टवेअरमध्ये) असायचा, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद, आणि नावही वेगळं: इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी', एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम'. मेनूत टीपीएम हा शब्द दिसला नाही म्हणून लोक वेगळं मोड्यूल शोधत फिरले, त्यांच्या किमती कडाडल्या. ज्यांचं काम फुकटात, एक पर्याय 'एनेबल्ड' करून झालं असतं, त्यांचेही पैसे गेले. हे टाळता आलं असतं, कारण सांगणारी एक ओळ ॲपमध्ये असती तरी पुरे होतं. पुढे बोर्ड बनवणाऱ्यांनी नव्या बायोसमध्ये तो पर्याय आपणहून सुरू करून दिला.

इथे अजून एक खड्डा आहे. टीपीएम २.० लेगसी किंवा सीएसएम मोडमध्ये (मशीन सुरू करायच्या जुन्या पद्धतीत) चालत नाही, यूईएफआय ही नवी पद्धतच लागते. जुनं विंडोज एमबीआर डिस्कवर (विभागणीची जुनी पद्धत; नवी ती जीपीटी) असेल आणि आधीच सीएसएम बंद केलं, तर मशीन बूटच होत नाही. डेटा गेला असं वाटून माणूस हबकतो; डेटा जागेवरच असतो. सीएसएम पुन्हा सुरू करायचं, 'एमबीआर२जीपीटी' या टूलने डिस्क बदलून घ्यायची (विंडोज १० मध्ये ते २०१७ पासून आहे), आणि मगच यूईएफआयकडे जायचं. डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवायची, कारण टीपीएमची सेटिंग बदलली की ती मागितली जाऊ शकते.

कंपनीने विंडोज ११ साठी मान्य केलेल्या प्रोसेसरच्या यादीचा वाद मात्र सेटिंगने सुटणारा नव्हता. यादीत इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० पासून पुढे. इंटेलच्या सातव्या पिढीतले मोजकेच आत. यादीतल्या मशीन ९९.८ टक्के क्रॅशविना चालल्या आणि अटीत न बसणाऱ्यांवर कर्नलचे (विंडोजच्या गाभ्याचे) क्रॅश ५२ टक्क्यांनी जास्त होते, असं कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. हे कारण हलकं नाही. पण तेव्हाच, आयएसओवरून (इन्स्टॉलेशनच्या फाइलवरून) हाताने बसवायला यादी आड येणार नाही, अशी सूटही पुढे आली. ऑक्टोबरमध्ये रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) एक नोंद बदलून टीपीएम १.२ वर आणि यादीबाहेरच्या प्रोसेसरवर अपग्रेड करण्याची रीत कंपनीनेच छापली; सोबत इशारा, की अशा मशीनचा अपडेटवर हक्क नाही. म्हणजे विंडोज चालतं, बसतंही, फक्त जबाबदारी घेतली जात नाही. 'चालू शकत नाही' हे पहिलं वाक्य तिथेच मागे पडायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यामुळे हा जुना वाद पुन्हा घराघरांतल्या मशीनपर्यंत आला आहे. दरम्यान विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या प्रोसेसर-आज्ञा लागू लागल्या. त्या नसलेल्या जुन्या प्रोसेसरवर ती बूटच होत नाही. तिथे ॲपचं वाक्य शब्दशः खरं आहे. इंटेलच्या सातव्या पिढीत या आज्ञा आहेत. यादीत मात्र त्या पिढीतले मोजकेच प्रोसेसर आहेत.