किकी वेगळी, युकी वेगळी

जपानी चित्रकार फुजिताचं १९२२ सालचं ते प्रसिद्ध न्यूड कुणी इंटरनेटवर टाकलं की खालची ओळ ठरलेली असते: ‘चित्रकार फुजिताची मॉडेल आणि पत्नी युकी.’ चित्रात आडवी झालेली बाई किकी आहे. मग आणखी कुणीतरी मॅन रे या अमेरिकन छायाचित्रकाराचा फोटो आणून जोडतं, तो उघड्या पाठीवर व्हायोलिनसारख्या दोन वळणदार खाचा काढलेला, आणि लिहितं की हीच ती जपानी चित्रकाराची बायको. तीही किकीच. आणि किकी कुठल्याही जपानी चित्रकाराची बायको कधीच नव्हती. एका अक्षराने ‘ध’चा ‘मा’ झाला की काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. पण निदान चूक तरी एखाद्या वेळी नवी करावी!

किकी बहुतेकांना माहीत असते, म्हणून तिचं भराभर उरकतो. खरं नाव अ‍ॅलिस प्रँ, जन्म १९०१, फ्रान्समधल्या बरगंडी भागातला. आजीने वाढवली, बाराव्या वर्षी पॅरिसला आईकडे आली, पडेल ती कामं करत करत चित्रकारांपुढे बसायला लागली. १९२१ पासून पुढची सात-आठ वर्षं मॅन रेची सोबतीण. व्हायोलिनवाला फोटो १९२४ चा. त्याची मूळ प्रत २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सव्वा कोटी डॉलरच्या आसपास गेली, तेव्हापासून ती आणखीच घरोघरी पोचली. माँपार्नास या पॅरिसमधल्या चित्रकारांच्या वस्तीतल्या क्लबात गाणी म्हणायची, स्वतः चित्रं काढायची, १९२९ मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी आठवणी छापून मोकळी झाली. १९५३ मध्ये गेली. झालं.

युकीचं मात्र सावकाश सांगायला हवं, कारण तिच्याबद्दल लोकांना फक्त नाव ठाऊक असतं आणि तेवढ्यावरून ते तिला जपानी ठरवतात. ती लुसी बादू, १९०३ साली पॅरिसमध्ये जन्मलेली फ्रेंच मुलगी. १९२२-२३ च्या सुमारास माँपार्नासमध्ये तिची आणि त्सुगुहारू फुजिताची गाठ पडली. तो तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा. कपाळावर कातरलेली झालर, गोल चष्मा, कानात डूल असा त्याचा अवतार, आणि तोवर पॅरिसमध्ये चांगलाच नावारूपाला आलेला. तिच्या गोऱ्यापान कांतीवरून त्याने तिचं नाव युकी ठेवलं, म्हणजे बर्फ. बस, एवढाच तिचा जपानी अंश. फुजिताच्या आयुष्यात जपानी बायका दोन, एक अगदी पहिली आणि एक अगदी शेवटची. मधल्या सगळ्या फ्रेंच.

आणखी एक. युकीच्या १९२४ च्या ‘हिमदेवी’ या चित्राखाली ‘पत्नी युकी’ लिहिणारे घाई करतात. तेव्हा फुजिताचं लग्न फर्नांद बारेशी झालेलं होतं, १९१७ पासून. फर्नांदही आधी चित्रकारांची मॉडेलच होती, आणि सुरुवातीच्या काळात त्याची चित्रं काखोटीला मारून गॅलऱ्यांचे उंबरठे झिजवणारी तीच. ‘फुजिताची मॉडेल आणि बायको’ हे वर्णन आधी तिला लागू होतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. तिच्याशी काडीमोड १९२८ मध्ये झाला आणि युकीशी लग्न १९२९ मध्ये. त्याआधीची पाच-सहा वर्षं युकी त्याच्या घरात, त्याच्या चित्रांत आणि त्याच्या शेजारी प्रत्येक समारंभात होती. पण कागदावर बायको नव्हती.

आता मुख्य भानगड. लोक ज्यामुळे खरोखर फसतात ते नाव नव्हे, तो पांढरा रंग.

गणित असं मांडलं जातं: युकी म्हणजे बर्फ, ती गोरीपान, १९२४ मध्ये फुजिताने तिला ‘हिमदेवी’ म्हणून रंगवलं, तेव्हा फुजिताच्या चित्रात दुधासारखी पांढरी बाई दिसली की ती युकी. दिसायला बिनतोड, पण साफ चूक. कारण तो पांढरा रंग कुठल्याच बाईचा नाही. तो कॅनव्हासचा आहे.

फुजिता पॅरिसला आला १९१३ मध्ये. तिथे प्रत्येक जण तैलरंगाचे थर चढवत होता. त्यात आपण आणखी एक कशाला, हा त्याचा प्रश्न. हारुनोबू आणि उतामारो या जुन्या जपानी ठसेकारांनी बाईच्या अंगाचा जरासा भाग, एखादी पोटरी, एखादी मान, नुसत्या रेषेने आणि कोऱ्या कागदाने दाखवली होती. कातडीच चित्राचा विषय झाली पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. मग त्याने तलम विणीचा कॅनव्हास घेतला आणि त्यावर पांढऱ्याचा असा गुळगुळीत लेप तयार केला की तो हस्तिदंतासारखा दिसावा. त्यावर जपानी पद्धतीच्या केसाएवढ्या बारीक कुंचल्याने काळ्या शाईची अखंड रेषा. अंगाच्या कडेने पुसटशी करडी छाया, बाकी काही नाही. म्हणजे आपण ज्याला ‘तिची कांती’ म्हणतो, तिथे बहुतेक ठिकाणी वेगळा रंग लावलेलाच नाही. खालचा लेपच वर आलाय.

हा लेप कशाचा, हे त्याने जन्मभर कुणाला सांगितलं नाही. त्यात एक व्यावहारिक अडचण होती: तेलकट पृष्ठभागावर पाण्यात कालवलेली शाई धरत नाही, थेंब थेंब होऊन गोळा होते. याची मात्र सरळ, न तुटणारी रेषा जायची. पुढे त्याच्या कॅनव्हासांची तपासणी झाली तेव्हा पांढऱ्या रंगाबरोबर टाल्क सापडली, आपण बाळाला आंघोळीनंतर लावतो त्या पावडरीतली. टाल्कने तेलाची चकाकी मारली जाते, पृष्ठभाग कोरडा-मऊ होतो आणि शाई धरून राहते. एवढं साधं गुपित. मला विचाराल तर फुजिताच्या चित्रांतली सगळी मांजरं, सगळे डूल आणि सगळे किस्से एका बाजूला आणि हा लेप एका बाजूला.

आता तारखा लावा. हा पांढरा लेप १९२१ च्या शरद प्रदर्शनात, सलाँ दोतोनमध्ये, पॅरिसकरांनी पाहिला होता. युकी नावाची कुणी बाई तेव्हा त्याच्या आयुष्यात नव्हती. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, त्याच प्रदर्शनात ते मोठं न्यूड लागलं: पांढऱ्या चादरीवर हात डोक्यामागे घेऊन पहुडलेली बाई, आणि भोवती खेड्यातल्या जीवनाची चित्रं छापलेल्या जुन्या फ्रेंच छिटाचे पडदे. फ्रेंच लोक त्या कापडाला तुआल द जुई म्हणतात, आणि चित्राचं नावही त्यावरूनच आहे. ते ८००० फ्रँकला विकलं गेलं आणि फुजिता रातोरात पॅरिसच्या तोंडी झाला. आज ते पॅरिसच्या महापालिकेच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. आणि त्यातली बाई किकी आहे, यात शंकेला जागाच नाही.

पटत नसेल तर त्याच काळातली किकीची दुसरी चित्रं काढून बघा. किसलिंग या चित्रकाराने रंगवलेल्या किकीच्या अंगाला ऊब आहे, गाल गुलाबी आहेत. मॅन रेच्या फोटोत ती भरीव, जमिनीवर पाय रोवलेली बरगंडीची मुलगी वाटते. फुजिताकडे आली की तीच दुधाची होते. बाई एकच, लेप बदलला. मग युकी आली, तिची कांती खरोखरच त्या लेपाला शोभणारी निघाली आणि त्याने तिला बर्फाचं नाव दिलं. आधी पांढरा रंग, मग ती. लोक नेमकं उलटं सांगतात, आणि ते सांगताना ‘प्रेरणास्थान’ हा शब्द हटकून वापरतात. मला त्या शब्दाचा वैताग येतो. बाई नुसती समोर बसली आणि पुरुषाला शैली सुचली, असं काही झालेलं नाही. शैली खूप खटाटोपाने, टाल्क खलून, आधीच तयार झाली होती.

समोर बसण्यातही फरक आहे, आणि तो मला रंगापेक्षा जास्त आवडतो. किकी मजुरी घेऊन बसायची. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. फुजितानेच सांगितलेली हकिकत आहे: त्याच्या रू दलाँब्रवरच्या स्टुडिओत ती पहिल्यांदा आली तेव्हा अंगात कोट, गळ्याशी लाल कापडाचा तुकडा, जणू आत लाल झगाच आहे. कोट काढला तर आत काहीच नव्हतं! मग पोझ घ्यायचं सोडून ती त्याच्याच ईझलपुढे जाऊन बसली, त्याला हलू नकोस म्हणाली, त्याचं चित्र काढलं, वर मॉडेलची मजुरी मागून घेतली आणि कागद घेऊन चालती झाली. जवळच्या दोम कॅफेत एका अमेरिकन गिऱ्हाइकाने तो लगेच विकत घेतला. फुजिता किस्से रंगवायचा हे धरूनही, यातली किकी पटते. तिच्या आठवणींच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणाऱ्यांत हेमिंग्वेबरोबर फुजिताही आहे. आपल्या बायकोच्या पुस्तकाला त्याने प्रस्तावना लिहिली, असं कुठे वाचलंत तर ते याच गोंधळाचं पिल्लू समजा. युकीच्या आठवणी आल्या १९५७ मध्ये, लग्न मोडून जमाना झाल्यावर.

युकी तासावर बसणारी नव्हती. ती बसायची ती घरात, आणि त्या घराचा थाट तिच्याभोवती उभा होता. फुजिताने तिला मोटार घेऊन दिली आणि मोटारीच्या नाकावर रोदँच्या शिल्पाची छोटी प्रतिकृती बसवली. माँसुरी बागेजवळ मोठं घर झालं, मेजवान्या झाल्या, आणि मग फ्रेंच आयकर खात्याने मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब मागितला. १९२९ मध्ये दोघं जपानला गेली त्यामागे मायदेशाची ओढ होती तशीच पैशाची निकडही होती. सोळा वर्षांनी परतलेला नवरा आणि त्याची फ्रेंच बायको जपानी वर्तमानपत्रांना चांगलीच पुरली.

केस, भुवया, चेहऱ्याची ठेवण यांवरून ओळखायच्या युक्त्या लोक सांगतात, त्यात मी पडत नाही. किकीचे काळे कापलेले केस आणि टोकदार नाक दिसलं की बहुतेकदा कळतं, पण फुजिता सगळ्यांचेच डोळे थोडे स्वतःच्या डोळ्यांसारखे करायचा. मांजर तर अजिबात पुरावा नव्हे. ती दोघींच्या आधीपासून होती आणि नंतरही. साल बघा.

आता देस्नोस. या कवीमुळे गाठ आणखी घट्ट बसते. रोबेर देस्नोसच्या कवितेवरून मॅन रेने १९२८ मध्ये समुद्रतारा नावाचा लघुपट केला. त्यात किकी आहे आणि देस्नोस स्वतःही. त्याच सुमारास देस्नोस फुजिताच्या घरी येऊ-जाऊ लागला आणि युकीत गुंतला. १९३१ मध्ये फुजिता पत्र ठेवून मादलेन नावाच्या नर्तिकेबरोबर दक्षिण अमेरिकेला निघून गेला. युकी आणि देस्नोस पुढे एकत्र राहिले. तेव्हा पडद्यावर देस्नोसबरोबर दिसते ती किकी, संसार केला तो युकीने.

त्या संसाराचा शेवट वाईट झाला. देस्नोस नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होता. २२ फेब्रुवारी १९४४ ला गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, येताहेत असा फोन आधी आला होता; आपण निसटलो तर युकीला नेतील म्हणून तो घरीच थांबला. पकडला गेला. मग एकेक छावणी: कॉम्पिएन्य, आउशवित्झ, बुखेनवाल्ड, आणि शेवटी तेरेझिन. ८ जून १९४५ ला, युद्ध संपल्यावर महिन्याभराने, टायफसने गेला. त्याच्या खिशात सापडलेली, युकीला उद्देशून लिहिलेली ‘शेवटची कविता’ म्हणून जी फिरते ती मुळात १९२६ ची आहे आणि इव्हॉन जॉर्ज या गायिकेसाठी लिहिलेली. चेक वर्तमानपत्रातल्या मृत्युलेखात तिच्या शेवटच्या ओळींचं भाषांतर आलं, ते कुणीतरी उलटं फ्रेंचमध्ये आणलं आणि नवी कविता सापडल्याचा बोभाटा झाला. युकीला लिहिलेलंच काही हवं असेल तर त्याचं जुलै १९४४ चं छावणीतलं पत्र आहे, तिच्या वाढदिवसासाठीचं. तुला लाखभर अमेरिकन सिगरेटी, डझनभर उंची झगे, मोटार, घर आणि चार पैशांचा पुष्पगुच्छ द्यायचा होता, असं त्यात तो म्हणतो. कवितेपेक्षा मला ते पत्र कितीतरी बरं वाटतं.

आणि १९३१ नंतरच्या फुजिताच्या चित्रांवर या दोघींपैकी कुणाचंही नाव डकवण्याआधी दोनदा तपासा. मादलेन १९३६ मध्ये तोक्योत अचानक वारली. त्याच वर्षी त्याने किमियो होरिउचीशी लग्न केलं. ती १९६८ मध्ये तो जाईपर्यंत बरोबर होती आणि स्वतः २००९ पर्यंत जगली. त्याच्या चित्रांचे हक्क ती डोळ्यांत तेल घालून राखायची. फ्रान्समधल्या रँस शहरातल्या चॅपेलमध्ये त्याच्या शेजारी तिला पुरलंय. तिथल्या फोटोखालीही परवा कुणीतरी ‘युकी’ लिहिलेलं होतं.