लामेटा: दोन मणके आणि सव्वाशे वर्षांचा घोळ

जबलपूरजवळ नर्मदेवर लामेटाघाट आहे. तिथल्या वाळूखडक-चुनखडकाच्या थरांना भूवैज्ञानिक मेडलिकॉटने १८६० मध्ये घाटाचेच नाव दिले. हे थर सुमारे ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्यावर दख्खनचा काळा पाषाण पसरला, म्हणून तो जिथे झिजलाय त्या कडेलाच ते उघडे पडतात: जबलपूर, धार, गुजरातेत बालासिनोर आणि आपल्याकडे चंद्रपूर.

त्यांतली डायनोसॉरांची हाडे मात्र नावाच्या आधीची. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर कॅप्टन स्लीमनला ती १८२८ मध्ये मिळाली. १८७७ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लिडेकरने शेपटीचे दोन मणके आणि मांडीच्या हाडाचा तुकडा यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यातल्या मणक्यांवरून आणखी एक जात बेतली. घोळ इथेच झाला. मणका पुढून खोलगट आणि मागे गोळ्यासारखा फुगीर, ही टायटॅनोसॉरसची मुख्य खूण. पण पुढे जगभर याच धाटणीचे प्राणी सापडत गेले आणि ती खूण एका जातीची न राहता अख्ख्या कुळाची ठरली. २००३ मध्ये दोन्ही जाती संशयास्पद म्हणून बाजूला काढल्या गेल्या. मूळ मणका तर कित्येक वर्षे बेपत्ताच होता. २०१२ मध्ये तो कोलकात्याच्या संग्रहात सापडला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा सांगाडा म्हणूनच मोलाचा. डोके नाही, पण मान, पाठ, शेपूट आणि पुढचा पाय एकाच प्राण्याचे. १९९७ मध्ये त्यालाही टायटॅनोसॉरसच म्हटले होते. आज तो ‘आयसीसॉरस’.

पिसदुऱ्याची खरी मिळकत मात्र हाडे नव्हेत, विष्ठा. तिथल्या मातीत अश्मीभूत लेंडके विखुरलेली असतात. संशोधक मॅटलीने १९३९ मध्ये त्यांचे प्रकार पाडले. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना त्यांत गवताचे सिलिकाकण सापडले. डायनोसॉरांच्या काळात गवताचे अनेक प्रकार होते, याचा तो पुरावा. असे काम करताना लेंडक्याचे बाहेरचे साल आधी खरवडावे लागते, नाहीतर शेतातल्या आजच्या गवताचे कण मिसळतात.

डायनोसॉरांच्या अंड्यांबाबतही फसगत होते. चुनखडीचे गोटे आणि कांद्यासारखे सोलणारे बेसॉल्टचे (त्याच काळ्या पाषाणाचे) गोळे हुबेहूब अंड्यांसारखे दिसतात. फुटलेल्या कडेवर भिंग धरावे: खऱ्या कवचात एकमेकांना चिकटून उभी राहिलेली, पंख्यासारखी पसरत गेलेली कॅल्साइटची (चुन्याच्या खनिजाची) एककं दिसतात. गोट्यात ती नसतात.