पाठीवरून फिरणारा हात

आखाजीला लेक माहेरी येते. रिक्षातून उतरून ती ओट्यापर्यंत पोचत नाही तोच आई तिला गळ्याशी धरते, आणि मग लवकर कुणीच सोडत नाही. अशा वेळी आईचा हात बघावा. मानेखालून कमरेपर्यंत तो सावकाश उतरतो, पुन्हा वर जातो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या आयाबायांना हे कुणी शिकवलेलं नसतं, पण त्या हाताच्या चालीला शरीरात नेमका ठाव आहे.

कातडीवर काय टेकलं, कुठे टेकलं, ही खबर नेणारे मज्जातंतू सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावतात. पाठ, दंड अशा लव असलेल्या कातडीत मात्र आणखी एका जातीचे, फार संथ तंतू असतात. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम 1 मीटर. स्वीडनच्या इंग्वे झोटरमन यांनी 1939 मध्ये मांजरीत त्यांची नोंद केली. माणसातही ते आहेत हे दिसायला पुढे जवळपास अर्धं शतक गेलं. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर अशा चालीने, अंगाइतका उबदार हात हलकेच फिरला की हे तंतू सर्वांत जास्त चेततात. त्यांची खबर मेंदूतल्या इन्सुला या भागाकडे जाते, जिथे शरीराच्या सुखदुःखाची जाणीव घडते. कुणी जवळ घेतलं हे आपल्याला आधी कळतं. बरं वाटतं ते किंचित मागाहून.

म्हणून मिठीत वेळ फार महत्त्वाचा. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या मिठ्या चित्रफितींवरून मोजल्या, तेव्हा त्या सरासरी 3 सेकंदांच्या निघाल्या. लंडनमध्ये 1, 5 आणि 10 सेकंदांच्या मिठ्या ताडून पाहिल्या. 1 सेकंदाची सर्वांत कमी आवडली. हात मानेभोवती होते की तिरके गुंफलेले, याने आनंदात काही फरक पडला नाही.

हातांची ठेवण बघणाऱ्यांना मात्र बरंच सांगते. लग्नात टॉवेल-टोपीचा मान झाला की दोन व्याही उराउरी भेटतात, एखादा दुसऱ्याला उचलूनही घेतो. ती भेट मांडवासाठी असते, दोन घरं जोडली गेल्याचं सगळ्यांदेखत सांगणारी. दसऱ्याला सोनं देऊन मित्र गळ्यात पडतात, पाठीवर दोन थापा देतात आणि सुटतात. त्यात बरोबरी असते. मयताच्या घरी बाया एकमेकींना धरून रडतात, तिथे कुणी सेकंद मोजत नाही.

पिट्सबर्गमधला 2015 चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. 404 निरोगी माणसांना रोज संध्याकाळी विचारलं, आज कुणाशी वाजलं का, कुणी जवळ घेतलं का. 14 दिवसांनंतर त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. ज्यांना वरचेवर जवळ घेतलं जात होतं, त्यांच्यात भांडणतंट्यामुळे संसर्गाचा धोका वाढलेला दिसला नाही. मिठी हेच त्याचं कारण, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पाठीशी माणसं असल्याचा भरवसाही त्यात आला.

हे सगळं आपल्या माणसापुरतं खरं. नको असलेल्या माणसाचा हात त्याच चालीने फिरला तरी अंग आक्रसतं. म्हणून लेकराला ‘पाहुण्यांच्या जवळ जा’ म्हणून ढकलू नये.

आपल्याकडे खरी उणीव आहे ती बापाच्या मिठीची. पोराला मिसरूड फुटलं की बाप त्याला जवळ घेणं सोडतो; उरते फक्त खांद्यावरची थाप. सुरुवात तर जन्मापासूनच करता येते. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मल्याबरोबर असं धरलेल्या बाळांमध्ये पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. आई थकली असेल तर बापानेही सदरा काढून बाळाला छातीशी घ्यावं, डॉक्टर तसं सांगतातच.