दवाखान्यातील किरकोळ शस्त्रक्रिया

रुग्णाला दाखल करून न घेता आणि पूर्ण भूल न देता, दवाखान्यातल्याच टेबलावर साधारण अर्ध्या तासात उरकणाऱ्या उपचारांना किरकोळ शस्त्रक्रिया म्हणतात. गळवाला चीर देऊन पू काढणे, जखमेला टाके घालणे, मांसात रुतलेले नख काढणे, चामखीळ जाळणे, भोवरी कापणे, चरबीची गाठ काढणे, पायात मोडलेला काटा किंवा काच काढणे ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. ‘किरकोळ’ हे विशेषण मात्र चिरेच्या लांबीवरून लावायचे नसते. ती चीर शरीराच्या कोणत्या जागी आणि कोणत्या माणसाला द्यायची आहे, यावरून ते ठरते. पाठीवरची लिंबाएवढी चरबीची गाठ दवाखान्यात निर्धोकपणे निघते, पण नाकाशेजारचे मुगाएवढे केस्तूड पिळणेसुद्धा धोक्याचे असते, कारण तिथल्या शिरा कवटीच्या आतल्या शिरांना जोडलेल्या असतात आणि जंतुसंसर्ग त्या वाटेने आत जाऊ शकतो.

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतले भेदन, आहरण आणि सीवन, म्हणजे फोडणे, रुतलेले बाहेर काढणे आणि शिवणे, हे आजही दवाखान्यातले मुख्य काम आहे. कच्चे गळू अज्ञानाने कापणारा आणि पिकलेल्याकडे दुर्लक्ष करणारा, अशा दोन्ही वैद्यांना ही संहिता सारखाच दोष देते. हा निकष अजून जुना झालेला नाही. गळू बोटाने दाबले असता मध्यभागी मऊ लागून आतला द्रव हलल्यासारखा वाटला, तरच चीर देतात. पू काढल्यावर पोकळी वरून शिवत नाहीत, तर आत गॉझची वात ठेवून जखम तळापासून भरून येऊ देतात. वारंवार गळवे होणाऱ्या माणसाची रक्तातली साखर तपासल्यावाचून त्याला घरी पाठवू नये, कारण मधुमेहाचा पहिला पत्ता पुष्कळदा इथेच लागतो.

जागेवरची भूल बहुधा लिग्नोकेनने देतात. हे औषध स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ साली तयार केले. दोन टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये ते २० मिलिग्रॅम असते आणि नुसत्या लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम मानली, तर ६० किलोच्या माणसाला ९ मिलिलिटरच्या पुढे जाता येत नाही. लहान मुलाच्या बाबतीत हा हिशेब आधी कागदावर मांडावा लागतो. पू आम्लधर्मी असल्याने गळवाच्या जागी हे औषध नीट चढत नाही. म्हणून ते भोवतालच्या निरोगी त्वचेत देतात आणि थोडे दुखेल हे रुग्णाला आधीच सांगतात. सुई पाहून चांगले धट्टेकट्टे लोकही चक्कर येऊन पडतात. त्यामुळे काम बोटाचे असले तरी रुग्णाला आडवेच झोपवलेले बरे.

कोल्हापुरात या उपचारांना शहराच्या आणि जिल्ह्याच्या कामधंद्याचा रंग आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून तापलेल्या धातूचे चटके, ठेचलेली बोटे आणि ग्राइंडरचा कण गेलेले डोळे येतात. यांपैकी डोळ्यातला कण बुबुळावर रुतला असेल, तर साध्या दवाखान्यात सुईने टोकरू नये. तो नेत्रतज्ज्ञाचा विषय आहे.

तालमींचे दुखणे मात्र वेगळे आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींच्या या शहरात पैलवानाचा मोडलेला कान ओळखीचा आहे आणि अनेकांना तो कसलेल्या अंगाची खूण वाटतो. प्रत्यक्षात पकडीत कान घासला किंवा चुरगळला, की कूर्चा, म्हणजे कानातले लवचीक मऊ हाड, आणि तिच्यावरचे पातळ आवरण यांच्या मध्ये रक्त साठते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण या आवरणातूनच होते. ते सुटले की कूर्चा उपाशी पडते, जागी कडक तंतू तयार होतात आणि कान कायमचा गठ्ठ्यासारखा होतो. सुजलेला कान पहिल्या काही दिवसांत दाखवला, तर जाड सुईने किंवा बारीक चीर देऊन रक्त काढता येते. पण नुसते काढून भागत नाही, ते पुन्हा साठते. म्हणून कानाच्या पुढे व मागे कापसाच्या घट्ट गुंडाळ्या ठेवून त्या आरपार टाक्यांनी बांधतात आणि सुमारे आठवडाभर तशाच ठेवतात. अवघड भाग यापुढे असतो, तो म्हणजे मुलाला तेवढे दिवस मातीपासून लांब ठेवणे. त्यासाठी वस्तादांशी बोलणे हाही उपचाराचाच भाग समजावा. बांधलेला कान लाल होऊन ठणकू लागला, तर कूर्चेला संसर्ग झाला असे धरून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे.

अवजारे उकळून घेण्याची जुनी पद्धत पुरेशी नाही, कारण धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ किमान १५ मिनिटे लागते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया आणि ब्लेड पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, तर रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो. काढलेली गाठ कितीही साधी दिसली तरी ती फेकून न देता तपासणीला पाठवावी, आणि रंग किंवा आकार बदलणारा तीळ चामखीळ समजून कधीही जाळू नये.

कुत्र्याच्या चाव्याला टाके घालण्याची घाई करीत नाहीत. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुणे आणि रेबीजची लस सुरू करणे हे आधी येते. चाव्याने कातडी फाटून रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडेही, जखमेतच भरावी लागतात. अशा रुग्णाला, तसेच ज्याची शीर, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) किंवा हाड दुखावले आहे त्याला, सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला किंवा सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवणे योग्य.

कोयत्याच्या जखमा गळीत हंगामात सर्वांत जास्त लक्ष मागतात. ऊसतोड मजुराच्या उजव्या हातात कोयता आणि डाव्या हातात ऊस, त्यामुळे वार बहुधा डाव्या हाताच्या बोटांवर किंवा नडगीवर बसतो. भूल देण्यापूर्वी प्रत्येक बोट वाकवून-सरळ करून पाहणे आणि टोकाला स्पर्श कळतो का हे विचारणे आवश्यक असते. एकदा बोट बधिर झाले की तुटलेला मज्जातंतू आणि औषधाचा परिणाम वेगळा ओळखता येत नाही. नंतर जखम भरपूर सलाइनने धुऊन पाचटाचे कण काढतात, धनुर्वाताची लस देतात आणि टाके घालतात. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाचव्या दिवशी निघतात, हातापायांचे दहा ते चौदा दिवसांनी. तोपर्यंत टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेलेली असते. म्हणून टाके कधी घातले, किती घातले, कोणती लस दिली आणि ते कोणत्या तारखेला काढायचे, हे सोप्या मराठीत लिहून ती चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्यावी आणि मुकादमालाही वाचून दाखवावी, म्हणजे पुढच्या गावातला कोणताही डॉक्टर ती पाहून टाके काढू शकतो.