कन्सोल १९६४ चं, खोली कोणत्या सालची?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका घराच्या बैठकीत सध्या भिंतीलगत आयबीएम या अमेरिकी कंपनीच्या सिस्टीम/३६० संगणकाचं, मॉडेल ३० चं, कन्सोल उभं आहे. कन्सोल म्हणजे दिव्यांचं आणि खुंट्यांचं दर्शनी पॅनेल तेवढं. मागचा संगणक केव्हाच भंगारात गेला. मालक माझे जुने स्नेही, निवृत्त अभियंता. पॅनेलभोवती 'त्या काळची' खोली उभी करायची त्यांची हौस आहे आणि घरातला वाद एवढाच आहे, की काळ कोणता धरायचा.

अमेरिकेपुरतं उत्तर सोपं. ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमनं ३६० ची घोषणा केली. तोवर लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम मोठ्या यंत्रावर चालत नसे, सगळं नव्यानं लिहावं लागे. ३६० मध्ये लहानमोठ्या यंत्रांना एकच आज्ञासंच दिला, म्हणजे यंत्राला समजणाऱ्या मूळ आज्ञा सगळीकडे सारख्या. मॉडेल ३० हे त्यातलं धाकटं भावंड, स्मृती ८ ते ६४ किलोबाइट. यंत्रांच्या रूपामागे एलियट नॉइस हा वास्तुविशारद होता. १९५६ पासून तो कंपनीचा डिझाइन सल्लागार. लखलखीत फरशी, टाय लावलेले ऑपरेटर, हा कॅटलॉगातला फोटो त्या मांडणीचाच, आणि हौशी मंडळी बहुतेक वेळा त्याचीच नक्कल करतात.

आपल्याकडे मात्र ती खोली १९६४ साली नव्हतीच. भारतात तेव्हा चलती होती १४०१ ची. आयबीएमचंच हे आधीचं यंत्र, १९५९ मध्ये अमेरिकेत जाहीर झालं आणि १९६१ ला मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे पोचलं. पुढे परदेशात जुनी ठरलेली यंत्रं इथे डागडुजी करून भाड्यानं दिली जात, यावरून टीकाही बरीच झाली. ३६० मोजक्याच ठिकाणी आलं; दिल्ली विद्यापीठात ३६०/४४, म्हणजे त्याचं मॉडेल ४४ होतं. त्यात नोकऱ्या जातील म्हणून कामगार संघटनांचा विरोध, आयुर्विमा महामंडळात तर मोठा लढा. सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समितीच नेमली होती. मग १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा आला, परदेशी मालकीचा वाटा ४० टक्क्यांवर आणा म्हणाला. आयबीएमनं नकार दिला आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी (कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन) या सरकारी कंपनीकडे आली. म्हणजे तिथलं साठीच्या दशकातलं यंत्र इथे सत्तरच्या दशकातही राबत होतं. माझ्या मते इथली खरी खोली १९७४ च्या आसपासची.

साल ठरलं, की बारीक भांडणं आपोआप मिटतात. आयबीएमचं आठ पट्ट्यांचं बोधचिन्ह १९७२ चं. पॅनेलवर ते चिकटवणं चूक, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुशाल असू द्या. शेजारी गोदरेजचं टंकयंत्र ठेवायचा मोह होतो, तो आवरावा. कन्सोलजवळ असायचं १०५२, म्हणजे फिरत्या गोळ्यावर अक्षरं असलेलं छपाईयंत्र. गोदरेजचं लोखंडी कपाट, ट्यूबलाइट, वेताची खुर्ची आणि दाराबाहेर काढलेल्या चपला मात्र अगदी बरोबर.

आता नागपूरचा मुद्दा, म्हणजे कूलर. वहिनींचं म्हणणं, मे महिन्यात वाळ्याची ताटी लावलेला कूलर हवाच, आणि त्या काळचाही तोच. घरापुरतं खरं आहे. पण कूलरची हवा ओलसर, आणि ८० रकान्यांचं पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेलं जाड कागदाचं कार्ड, यानं ओल धरली की फुगतं, वाकतं, वाचकयंत्रात अडकतं. म्हणून संगणकाच्या खोलीत वातानुकूलन लागे, तेही माणसांआधी यंत्रासाठी.

शिवाय नागपूरकरांचा या यंत्रांशी संबंध यायचा तो कागदातून. रेल्वेनं साठीच्या दशकात १४०१ बसवली ती झोनल मुख्यालयांत. इथल्या दोन रेल्वे विभागांची मुख्यालयं तेव्हा मुंबईत आणि कलकत्त्यात. इथल्या घरांत पोचायचे ते दोन्ही कडांना भोकं असलेले घडीचे कागद, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर पोरांची गणितं. स्नेह्यांनी मांडणीत असा एक गठ्ठा ठेवलाय, मागे पाढे लिहिलेला. मला सगळ्यात खरी वस्तू तीच वाटते.

दिव्यांपाशी मात्र तडजोड नको. मूळचे दिवे तारेचे. तार तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे निम्मा वेळ पेटणारा दिवा अर्धवट मंद दिसतो आणि पॅनेल श्वास घेतल्यासारखं उजळत राहतं. एलईडी नुसती पेटते-विझते. छोट्या संगणकावर हर्क्युलिस हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, चालवून दिवे नाचवता येतात, पण एलईडीच लावायची तर उजेड पिवळसर आणि मंदावणारा करून घ्यावा.

आणि तो लाल खटका. 'इमर्जन्सी पुल' असं लिहिलेला हा खटका ओढला की सगळी वीज तुटे आणि तो बाहेरच अडकून बसे. ऑपरेटरला परत आत ढकलता येत नसे, कंपनीचा अभियंता बोलवावा लागे. स्नेह्यांच्या नातवानं पहिल्याच दिवशी तो ओढला. मग आजोबा चष्मा शोधून, पेचकस घेऊन पॅनेलच्या मागे शिरले.