पळीभर तेलाची तरतूद : खान्देशातले वाडे का पडतात

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडच्या पालिकांमधून नोटिसा निघतात. मजकूर ठरलेला असतो. इमारत मोडकळीस आली आहे, उतरवून घ्यावी, न उतरवल्यास होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण जबाबदार राहाल. ही नोटीस ज्या दारावर डकवतात ते बहुतेकदा सागाचं असतं, चौकटीवर गणेशपट्टी असते आणि आत राहणारं कुणी नसतं. वर्ष-दोन वर्षांनी तिथं हिरवं कापड बांधलेली परांची आणि ‘शॉप बुकिंग चालू’ असा फलक दिसतो. मग गावातले जुने लोक हळहळतात आणि बिल्डरला शिव्या देतात. पण बिल्डर या गोष्टीत फार उशिरा येतो.

सुरुवात पाहायची तर चाळीसगावजवळच्या पाटणा गावी जावं लागतं. तिथल्या देवीच्या देवळात शके ११२८ चा, म्हणजे १२०७ सालच्या दानाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला उत्पन्न लावून दिलं. लेख संस्कृतात चालतो आणि शेवटी, नेमका पैशाचा विषय आला की, मराठीत उतरतो. गिऱ्हाइकानं काय द्यायचं, विकणाऱ्यानं काय द्यायचं, पोफळी किती, तेलाच्या घाण्यामागे एक पळी तेल. पंडितांना संस्कृत कळत होतं. तेल देणाऱ्याला मराठी कळायला हवं होतं, असा मी याचा अर्थ लावतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. मठ म्हणून बोट दाखवावं असं तिथं आज काही नाही. त्याच्या खर्चाची तरतूद मात्र दगडावर शाबूत आहे.

पुढची सहा-साडेसहाशे वर्षं व्यवस्था थोड्याफार फरकानं हीच होती. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांना वतन. वतनावर गढी किंवा वाडा. सातपुड्याचा साग, पांढऱ्या मातीच्या भिंती, वर खारी माती टाकलेलं धाबं. धाब्याचं घर दरसाल माणूस मागतं. पावसाआधी नवी माती टाकायची, चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. एक पावसाळा चुकला की कड्या भिजतात, तीन चुकले की तुळई. वतन होतं तोवर हे काम बलुत्यात आणि गड्यांकडून होऊन जायचं, त्याचा वेगळा हिशेब कुणी मांडत नसे.

इमारत मुद्दाम पाडण्याची रीत इंग्रजांनी आणली असं म्हणता येणार नाही, पण सरकारी धोरण म्हणून ती त्यांनी वापरली. १८१८ मध्ये थाळनेरच्या किल्ल्यानं प्रतिकार केला तेव्हा जनरल हिस्लॉपनं किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिलं. पारोळ्याचा भुईकोट हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधलेला. सत्तावनच्या उठावानंतर, १८५९ मध्ये, इंग्रजांनी तो ताब्यात घेऊन निकामी केला. हे पाडणं भीतीपोटी होतं. आणि बुरूज एकदा मोकळा झाला की त्याचा घडीव दगड गावातल्या ओट्यांना, विहिरींना लागतो, हे कुठल्याही किल्ल्याच्या गावात फिरलं की दिसतं.

त्याच इंग्रजांनी धुळ्यात उलटं केलं. खान्देशचे पहिले पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी १८१९ मध्ये जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली. धुळ्यातले लोक आजही पत्ता सांगताना गल्ली नंबर सांगतात. याचं श्रेय गप्पांमध्ये विश्वेश्वरय्यांना जातं. ते धुळ्यात इंजिनिअर होते खरे, पण १८८४ नंतर. तेव्हा हे रस्ते साठीच्या पुढे गेले होते.

मग कापूस आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला, आणि त्याच वर्षांत जीआयपी रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे गेली. स्टेशनांभोवती जिन आणि प्रेस उभे राहिले, जळगावात खान्देश मिल, अमळनेरला प्रताप मिल. व्यापाऱ्यांनी पेठेत माड्या बांधल्या, त्यात ओतीव लोखंडाचे कठडे आणि रंगीत काचा आल्या. खान्देशात आज ‘जुनं’ म्हणून जे डोळ्यांत भरतं त्यातलं बरंच याच साठ-सत्तर वर्षांतलं आहे.

खरा तडा स्वातंत्र्यानंतर गेला, आणि तो योग्य कारणासाठी गेला हे आधी म्हणायला हवं. १९४८ चा कूळकायदा, १९५० चा परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा, १९६२ मध्ये पाटीलकीची वतनं. कसणाऱ्याला जमीन मिळाली. वाडा मात्र त्याच जमिनीवर जगत होता, आणि त्याचं पुढं काय, याचा विचार त्या कायद्यात असायचं कारणही नव्हतं. देवस्थान इनामं बरीचशी टिकली. म्हणून एकाच गल्लीत देवळाला दरवर्षी रंग लागतो आणि शेजारच्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळ निघतो. शहरात भाडेकरू ठेवावेत तर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडं १९४० च्या पातळीला बांधलेलं. मालक म्हणतो भाड्यात कौलाचा खर्च निघत नाही, भाडेकरू म्हणतो दुरुस्ती मालकाची. दोघंही खरंच बोलत असतात.

आणि वारसा. पणजोबांच्या नावचा उतारा चार पिढ्यांनी काढला तर त्यावर तीस-पस्तीस नावं निघतात. कुणी पुण्यात, कुणी सुरतेला. धाब्यावर माती टाकायला त्यातला एकही येत नाही, पण सही मात्र सगळ्यांची लागते. अशा भाऊबंदांना एकत्र आणण्याची ताकद आजवर एकाच कागदात दिसली आहे, ती विकसन करारात. वाटणीचा प्रश्न फ्लॅटनं सुटतो. वाडा वाटता येत नाही, फ्लॅट वाटता येतात.

कायदा या सगळ्यात कुठे होता? कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये, प्राचीन स्मारकांचा कायदा आला. मग केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा. त्यांच्या नजरेत लेणी, देवळं, किल्ले, थडगी: थाळनेरचे फारुकी मकबरे, बळसाण्याची मंदिरं, तापी-पूर्णा संगमावरचं चांगदेव मंदिर. २०१० च्या दुरुस्तीनं केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आलं. स्मारक जपायला हे ठीक; पण त्या शंभर मीटरात ज्याचं घर आहे त्याला विचारून पाहावं.

राहत्या इमारतींसाठी वेगळा विचार १९९५ मध्ये मुंबईत झाला: हेरिटेज नियमावली, तीन श्रेणी, आणि पाडण्याआधी समितीची परवानगी. यातली कळीची गोष्ट टीडीआर. जुनी इमारत ठेवल्यामुळे मालकाला जे बांधता येत नाही, तो हक्क तो दुसरीकडे विकू शकतो. म्हणजे आधुनिक पळीभर तेलच. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं उरलेल्या महाराष्ट्रासाठीही वारसा इमारतींच्या तरतुदी केल्या. पण यादी करायची स्थानिक पालिकेनं, आणि यादीत नाव नसलेली इमारत कायद्याच्या लेखी फक्त जुनी असते. शिवाय टीडीआरला किंमत तेव्हाच, जेव्हा गावात जागेची मारामार असते. मुंबईत तो सोन्यासारखा विकतो. एरंडोल-पारोळ्यात घेणार कोण?

तरीही जे वाचलं ते पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले, आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या दप्तरांसाठी संशोधन मंडळ उभं राहिलं. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ चं, प्रतापशेठजींच्या दानावरचं. जुन्या जळगावात चौधरी वाड्यातलं बहिणाबाईंचं घर त्यांच्या वापरातल्या वस्तूंसह एका प्रतिष्ठाननं जपलं. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस आयुष्याची कित्येक दशकं ज्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले, तो १९८९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर कलादालन म्हणून राहिला. यातलं काहीही कुठल्या बंदीमुळे टिकलं नाही. प्रत्येकामागे कुणीतरी खर्चाचा धनी आहे. जळगावच्या खान्देश मिलला तो उरला नाही. तिच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे.

आमच्या आजोळचा वाडा बावीस खणांचा होता. आजी दर दिवाळीआधी खांबांना अळशीचं तेल चोळून घ्यायची, आम्हा पोरांना फडकी देऊन. आजी गेल्यावर कुणी चोळलं नाही. वाडा उतरवायचा ठरला तेव्हा जुन्या लाकडाचा व्यापारी आला. त्यानं खांबाला नखानं ओरखडून पाहिलं, खडूनं नंबर टाकले आणि घनफुटावर भाव केला. नक्षीचे पैसे वेगळे. ते म्हणे रिसॉर्टवाले देतात. तीन दिवसांत खांब, तुळया, जिन्याचं दार, सगळं ट्रकमध्ये गेलं. खांबांखालचे तळखडे त्यानं घेतले नाहीत, वजनाला परवडत नाहीत म्हणाला. त्यातले चार अजून नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आहेत. मोटारसायकली भिंतीला लागू नयेत म्हणून वॉचमननं ते ओळीनं मांडले आहेत.