डोकेदुखीचे निदान : यंत्राआधीची विचारपूस

डोकेदुखी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या बहुतेक प्रौढ रुग्णांना अर्धशिशी किंवा ताणामुळे होणारी डोकेदुखी असते. मेंदूतील गाठ, रक्तस्राव वा संसर्ग फार थोड्यांत आढळतो. त्या थोड्यांना वेळीच ओळखायचे कसे, या एका प्रश्नाभोवती या तपासणीचा इतिहास फिरत आला आहे.

१८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप, तयार केला आणि डोळ्याच्या पडद्यामागील मज्जातंतूची सूज पाहून कवटीतील दाब वाढल्याचे ओळखण्याची वाट खुली झाली. पुढची साधने रुग्णाला जड जाणारी होती. १९१९ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी पाठीच्या कण्यातून हवा सोडून मेंदूतील पोकळ्यांचा एक्स-रे काढण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे डोके इतके दुखे, की तपासणीच आजारापेक्षा भारी पडावी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात ब्रिटिश अभियंता हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, आणि हा त्रास संपत गेला.

पण अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही. तिच्यासाठी १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने दिलेले निकष अधिक मोलाचे ठरले : उपचाराविना ४ ते ७२ तास टिकणारे किमान पाच झटके, एका बाजूची किंवा ठणकणारी वेदना, हालचालीने वाढणारा त्रास, सोबत मळमळ किंवा प्रकाश व आवाज सहन न होणे. हे सारे केवळ विचारून कळते. तरीही चुकीचे निदान रूढच राहिले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ असल्याचे मानणाऱ्या वा तसे निदान झालेल्या २,९९१ जणांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीशी जुळणारी निघाली. आपल्याकडे सायनसच्या जोडीला पित्त आणि चष्म्याचा नंबरही दोषी धरले जातात.

धोक्याच्या खुणांची यादीही याच काळात पक्की होत गेली : क्षणार्धात शिगेला पोहोचणारी वेदना, ताप व मान आखडणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी. यांपैकी शेवटच्या खुणेसाठी शरीरातील दाहाचा अंदाज देणारी ईएसआरसारखी स्वस्त रक्ततपासणी उपयोगी पडते, कारण या वयात होणारा कानशिलाच्या धमनीचा दाह वेळीच न ओळखल्यास दृष्टी जाऊ शकते. केवळ रुग्णाच्या समाधानासाठी स्कॅन करू नये, असे उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितले. भारतात मात्र ही यादी जशीच्या तशी उचलून चालत नाही. क्षयाचा मेंदूज्वर आणि मेंदूतील फीतकृमीच्या गाठी इथे अधिक आढळत असल्याने, आठवडे चाललेला बारीक ताप किंवा एखादा आकडीचा झटका यांची चौकशी डॉक्टरांना आवर्जून करावी लागते.